पगाराचा दर भिंतीवर का नको?

कंत्राटी सफाई कामगाराला किती पगार मिळायला हवा, हे तो कामगार सोडून सगळ्यांना ठाऊक असते. ठेकेदाराला असते, बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला असते. पहाटे झाडू हातात घेणाऱ्या बाईला मात्र महिनाअखेर जे हातावर टेकवले जाते तोच आपला पगार वाटतो.

मागच्या महिन्यात आम्ही एका हजेरी कोठीवर गेलो आणि कायद्याने लावायचा फलक कुठे आहे, असे विचारले. मुकादमाने लोखंडी कपाट सरकवले. फलक मागे होता. इंग्रजीत, ओल लागलेला, दराचा रकाना कोरा. "तपासणीला लागतो म्हणून ठेवलाय," तो म्हणाला. त्याच्यावर आमचा राग नाही, तोही कंत्राटीच.

अधिकाऱ्यांना हे सांगितले तर ते हसतात. एवढ्या मोठ्या प्रश्नांत तुम्हाला फलकाचे काय पडले आहे?

पडले आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिले होते : वेतनाचे दर, कामाचे तास, पगाराची तारीख आणि निरीक्षकाचे नाव-पत्ता कामाच्या जागी ठळकपणे लावायचा, बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावायचा, आणि तो स्वच्छ व वाचता येईल असा ठेवायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम 50 मध्येही दर, पगाराचा दिवस-वेळ आणि निरीक्षकाचा पत्ता फलकावर लावण्याची सक्ती आहे. यातली सगळ्यात महागडी ओळ शेवटची. दर कळला तर माणूस चिडतो; पत्ता कळला तर अर्ज करतो. म्हणूनच तो पत्ता कपाटामागे जातो.

नव्या संहितेने निरीक्षकाचे नावही बदलले. तो आता 'निरीक्षक-सह-सुलभकर्ता' झाला आहे. फलक नसल्याचे आढळले तर खटल्याआधी मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यायची आणि त्याने मुदतीत सुधारली तर खटला नाही. कामगाराचा एक खाडा झाला तर त्याला अशी संधी कोणती संहिता देते?

"त्यांना कुठे वाचता येते?" हा दुसरा युक्तिवाद. आम्हाला तो फार ओळखीचा आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले, त्यांच्याच व्यवस्थेने आता निरक्षरतेचे कारण पुढे करायचे! आणि तो खोटाही आहे. त्याच कोठीवर आईचा डबा घेऊन आलेल्या नववीतल्या मुलीने आम्ही नेलेला दराचा कागद मोठ्याने वाचला. बायांनी बोटांवर हिशेब केला. मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच एप्रिल 1946 मध्ये मांडले. त्याच वर्षीच्या स्थायी आदेशांच्या कायद्यात नोकरीच्या अटी कारखान्याच्या दाराशी, कामगारांच्या भाषेत लावण्याची तरतूद झाली. कामगाराला अटी आधी माहीत हव्यात, नंतर मालकाच्या मर्जीने कळायला नकोत, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने या आदेशांसाठी कामगारसंख्येची अट 100 वरून 300 वर नेली आहे. म्हणजे लहान आस्थापनांतल्या कामगाराला अटी माहीत नसल्या तरी चालतील.

आता थोडे आपल्याबद्दल. त्या कोठीच्या बाहेरच्या भिंतीवर 14 एप्रिलचा फ्लेक्स होता. वीस फुटी, रंग अजून ताजा. बाबासाहेबांचा फोटो एका कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे चेहरे तीस-पस्तीस. त्यात आमच्या ओळखीचेही होते. या भिंतीवर काय लागते यावर आपले लक्ष असते, आपली भांडणेही होतात. पण किमान वेतनाचा दर तिथे लागावा म्हणून आपण कधी भांडलो? आम्हीही नाही, हे कबूल करतो.

फलक मराठीत, भरलेला आणि दाराबाहेर लावावा, असा लेखी अर्ज आम्ही दिला आहे आणि पोच घेतली आहे. पुढच्या जयंतीला ज्या मंडळांचा फ्लेक्स कोठीवर लागणार आहे, त्यांना आमची विनंती आहे : निम्मे चेहरे कमी करा, तिथे त्या वर्षीचा दर आणि निरीक्षकाचा पत्ता छापा. मजकूर आम्ही देऊ.