बंदूक घ्या, गोष्ट नको

अलीकडे एका चर्चासत्रात एका तरुण प्राध्यापकमित्राने ठासून सांगितले, की इतिहास म्हणजे अखेर एक कथनच, आणि एक कथन दुसऱ्यापेक्षा अधिक खरे आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. सभागृहाने माना डोलावल्या. मीही त्या वेळी गप्प बसलो. आपल्या विभागांमध्ये हे विधान आता इतके रुळले आहे, की त्यावर शंका घेणारा मागासलेला ठरतो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख.

यासाठी उदाहरण मुद्दाम साहित्याबाहेरचे घेतो. गेली काही वर्षे मी जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या लिलावांच्या सूच्या वाचत आलो आहे. शस्त्र म्हणून मला त्यांचे आकर्षण नाही. त्यांतले एकही मी हातात धरलेले नाही. आकर्षण आहे ते प्रत्येक नगाखाली छापलेल्या मालकीच्या इतिहासाचे. हे कुणाकडून कुणाकडे गेले, कुणी वारशाने मिळवले, कुणी विकले. पोथ्यांच्या परंपरा लावणाऱ्या माणसाला हा मजकूर अगदी ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की इथे कथनाची किंमत डॉलरमध्ये मोजली जाते. तेव्हा सगळी कथने सारखीच असतात का, हे तपासायला याहून चांगली जागा सापडणे कठीण.

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ वा त्याआधी बनलेले शस्त्र 'अँटिक' ठरते. कोल्ट कंपनीचे 'सिंगल ॲक्शन आर्मी' हे १८७३ पासूनचे रिव्हॉल्व्हर संग्राहकांचे विशेष लाडके. कंपनीच्या रवानगीच्या वह्या मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत. शुल्क भरून अनुक्रमांक कळवला, की कंपनीचे अभिलेखागार एक पत्र देते. त्यात नळीची लांबी, मुलामा, रवानगीची तारीख आणि माल कुणाकडे गेला ते नोंदलेले असते. हा 'कुणी' बहुधा एखादा घाऊक व्यापारीच असतो. पत्र तिथेच संपते, आणि आख्यायिका तिथूनच सुरू होते. म्हणून तर या छंदात एक जुने वचन आहे: बंदूक घ्या, गोष्ट नको.

गोष्टीने बंदूक कशी जन्माला घातली, ते पाहा. वायट अर्प १९२९ मध्ये वारला. १९३१ मध्ये स्टुअर्ट लेक याने लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यात अशी हकीकत आहे, की स्वस्त साहसकथांचा लोकप्रिय लेखक नेड बंटलाइन याने १८७६ मध्ये अर्प, बॅट मास्टरसन आणि आणखी तिघांना बारा इंची नळीची खास कोल्ट रिव्हॉल्व्हरे भेट दिली. कोल्टच्या वह्यांत अशा मागणीचा मागमूस नाही. लांब नळीची काही रिव्हॉल्व्हरे कंपनीने त्या काळी बनवली होती हे खरे. पण बंटलाइनशी त्यांचा धागा जुळत नाही. पुढे १९५५ मध्ये अर्पवरची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, नायकाच्या कमरेला ती लांब नळी लटकली, आणि १९५७ मध्ये कोल्टने 'बंटलाइन स्पेशल' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. प्रक्षेपाचाच मूळ ग्रंथ झाला!

मित्र म्हणेल, बघा, कथनच वास्तव घडवते. घडवते, मान्य. पण १९५७ चे वास्तव घडवते, १८७६ चे नव्हे. ही दोन सनांमधली रेघ पुसण्याचा अधिकार कोणत्या सिद्धांताने दिला?

आता मास्टरसनचे पाहू. उतारवयात न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता करत असताना तो गहाणवटीच्या दुकानातून जुने कोल्ट विकत घेई, मुठीवर स्वतःच खाचा पाडी आणि 'हेच ते' म्हणून भाबड्या चाहत्याच्या गळ्यात बांधी, असे सांगतात. हीदेखील आख्यायिकाच, आणि मी ती आख्यायिका म्हणूनच सांगतो आहे. पण याच मास्टरसनने २४ जुलै १८८५ रोजी डॉज सिटीहून कोल्ट कंपनीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. निकेलचा मुलामा हवा, घोडा हलका हवा, पुढची माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड हवी, नळी मात्र काडतूस बाहेर काढणाऱ्या सळीइतकीच हवी. म्हणजे आखूड. एकाच माणसाविषयीचे हे दोन मजकूर. पहिला रंगतदार, दुसरा रुक्ष. दोन्ही 'कथनेच' म्हणून एका पंक्तीला बसवायचे असतील, तर पाठचिकित्सा हा विषय आपण अभ्यासक्रमातून आजच काढून टाकलेला बरा.

वह्या सर्वज्ञ असतात असा माझा दावा नाही. वही कारकुनाने लिहिलेली असते. ज्याच्यावर गोळी झाडली गेली त्याचे नाव तिच्यात नसते. वहीच्या मौनाचा अभ्यास जरूर व्हावा. पण मौन आहे हे कळण्यासाठीही आधी वही वाचावी लागते.

आता ज्या उदाहरणासाठी एवढा खटाटोप केला, ते. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किडला ठार केले. पुढच्याच वर्षी गॅरेटच्या नावावर बिलीचे 'अस्सल' चरित्र निघाले. त्याचा बराच भाग ॲश अप्सन या पत्रकाराच्या लेखणीतून उतरलेला आहे. त्यात बिलीची जन्मतारीख म्हणून दिलेला २३ नोव्हेंबर हा दिवस खुद्द अप्सनचा वाढदिवस! अस्सलपणाची ही तऱ्हा.

मात्र गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरची कहाणी वेगळी आहे. बिलीच्या टोळीतल्या बिली विल्सनकडून ते गॅरेटकडे आले. पुढे गॅरेटने ते एल पासोमधल्या टॉम पॉवर्स या मद्यालयाच्या मालकाकडे प्रदर्शनासाठी ठेवायला दिले. १९०८ मध्ये गॅरेटचाच खून झाला आणि रिव्हॉल्व्हर पॉवर्सकडे राहिले. पॉवर्सच्या मृत्यूनंतर गॅरेटची विधवा अपोलिनारिया गुतिएरेस गॅरेट न्यायालयात गेली. ते भेट दिलेले नव्हते, नुसते ठेवायला दिलेले होते, हा तिचा मुद्दा. १९३० च्या दशकात निकाल तिच्या बाजूने लागला आणि रिव्हॉल्व्हर तिला परत मिळाले. २७ ऑगस्ट २०२१ रोजी बॉनहॅम्सच्या लॉस एंजेलिस येथील लिलावात त्याला साठ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. लिलावात कोणत्याही बंदुकीला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

खरीदणाऱ्याने पैसे मोजले ते बिलीच्या आख्यायिकेसाठी, हे उघड आहे. पण ती आख्यायिका या विशिष्ट लोखंडाला चिकटून राहिली ती कशामुळे? एका वृद्ध विधवेने लढवलेल्या खटल्याच्या कागदपत्रांचा त्यात मोठा वाटा आहे. चित्रपटांनी अपोलिनारियाची फारशी दखल घेतलेली नाही. दखल घेतली ती न्यायालयाने.

इथेच मित्राला माझा प्रश्न आहे. सगळी कथने समान असतील, तर अपोलिनारियाचा दावा कशावर उभा राहायचा? भेट म्हणणारे एक कथन, ठेव म्हणणारे दुसरे. आणि वस्तू ज्याच्या कपाटात, त्याचेच कथन टिकणार. सत्याची सगळी मापे मोडून टाकली म्हणजे दुबळ्याला मोकळीक मिळते, हा आपला भाबडा समज आहे. मापे मोडल्यावर ताबा उरतो, आणि ताबा बहुधा बलवानाचा असतो. ज्याच्याजवळ ना कपाट, ना पैसा, ना प्रसिद्धी, त्याला पुराव्याखेरीज दुसरा आधार कोणता?

गोष्टींवर माझा राग नाही. गोष्टी शिकवूनच माझे घर चालते. लेकचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे, बंटलाइनच्या साहसकथाही वाचाव्यात, आणि त्या एवढ्या हव्याहव्याशा का वाटल्या याचा शोध घ्यावा. फक्त गोष्टीला गोष्ट म्हणावे आणि नोंदीला नोंद. हा भेद लिलावात पदरचे पैसे घालणाऱ्या संग्राहकाला कळतो, कारण चूक झाली तर त्याचे नुकसान होते. वर्गात आपण चुकलो तर आपले काहीच जात नाही. जाते ते समोर बसलेल्या मुलांचे.