बोट दुखलं तर चालेल, मनगट नको

दर रविवारी विहारात आम्ही रक्तदाब आणि साखर तपासतो. रांगेत बहुतेक साठीच्या पुढचे असतात. गेल्या पावसाळ्यात मात्र त्यात एक सतरा वर्षांचा मुलगा उभा होता. रात्री झोपेत डावा हात बधिर होतो, अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, म्हणाला. आईला वाटत होतं मोबाईलमुळे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मावसभावाने दिलेली जुनी गिटार घेऊन तो व्हिडिओ बघत रोज तीन-तीन तास वाजवत होता.

गिटार घेऊन ये म्हटलं. त्याने वाजवायला घेतली आणि कारण समोर दिसलं. मनगट पार आत मुडपलेलं, अंगठ्याने दांडी आवळलेली, आणि तारा दांडीपासून इतक्या उंच की एकेक दाबायला सगळा जोर लागावा. तळहाताकडे जाणारी एक मुख्य नस मनगटातल्या अरुंद जागेतून जाते. मनगट असं तासन्‌तास मुडपून ठेवलं की ती चेपली जाते. व्हिडिओतला माणूस शिकवत होता चांगलं. त्याला या पोराचं मनगट दिसत नव्हतं, एवढंच.

म्हणून आम्ही म्हणतो, मूल गिटार शिकायचं म्हणत असेल तर शिक्षक लावा. असं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, “सिस्टर, गणिताच्या क्लासची फी भरताना नाकी नऊ येतात, आणि तुम्ही गिटारचं कुठे काढलं?” बोलणं खोटं नाही. पण शिकवणी कायमची लावा असं आमचं म्हणणंच नाही. पहिले तीन-चार महिने, आठवड्यातून एक तास. हाताला वाईट वळण लागतं ते याच काळात. पुढे व्हिडिओ आहेतच की. दोन-तीन घरांनी मिळून एक शिक्षक बोलावला तर फीही वाटली जाते.

आणि ही चैन आहे, असं आपल्याच माणसांनी म्हणू नये. पिढ्यानपिढ्या आपल्या लोकांनी दुसऱ्यांच्या वराती वाजवल्या, त्या गावकीची सक्ती म्हणून. आपल्या हौसेने, फी देऊन वाद्य शिकणं ही वेगळी गोष्ट आहे. बाबासाहेबांनी एवढ्या कामाच्या रगाड्यात, उतारवयात शिक्षक ठेवून व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. त्यातून मिळकत किती होईल, हा हिशोब त्यांनी केला नसावा.

शिक्षक चांगला की नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. तो आल्या आल्या गाणं शिकवत नाही. आधी मुलाला बिनहाताच्या खुर्चीवर नीट बसवतो, खांदे सैल सोडायला लावतो. तारा फार उंच असतील तर दुकानातून खाली करून आणा म्हणतो. अगदी नवख्याला नायलॉनच्या तारांची गिटार सोपी जाते, हेही सांगतो. बोट धातूच्या पट्टीला अगदी लागून ठेवलं की थोडक्या जोरात सूर निघतो, हे तो दाखवतो. आमच्या त्या मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बोटांची टोकं पहिले काही आठवडे दुखणारच. कातडी हळूहळू जाड होते आणि दुखणं थांबतं. फोड आला तर फोडू नका, हात साबणाने धुवा आणि दोन दिवस सुट्टी घ्या. भांडी घासून किंवा कपडे धुऊन आल्याबरोबर वाजवायला बसू नये, भिजलेली कातडी तारेने लवकर कापते. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि बोटांना स्पर्श कमी कळतो, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. टोकांच्या दुखण्याला घाबरू नका. मुंग्या, बधिरपणा, मनगटातली किंवा कोपरातली कळ मात्र अंगावर काढायची नाही.

सोण थेरांची गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोणाला भगवंतांनी वीणेच्या तारांबद्दलच विचारलं होतं, फार ताणल्या तर वाजतात का, आणि फार सैल सोडल्या तर? रोज वीस-वीस मिनिटं दोनदा, मध्ये विश्रांती. एका दमात तीन तास नको.

शिक्षक शोधताना आम्हाला एक अनुभव आला. एकांनी फोनवर होकार दिला, वेळही ठरवली. मग वस्तीचं नाव ऐकलं आणि गाडी लावायला जागा नसते म्हणाले. आम्ही त्यांना गाडीबद्दल काही बोललोच नव्हतो. शेवटी ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक तरुण मिळाला. तो विहाराच्या पुढच्या खोलीत शिकवतो, दार उघडं ठेवून. हा नियम आमचा आहे आणि त्यात कुणाची भीड धरायची नाही, शिक्षक कितीही ओळखीचा असो. बोट बसवायला मुलाचा हात धरायचा तर आधी विचारायचं, किंवा स्वतःच्या हातावर दाखवायचं. काही खटकलं तर मुलांसाठीचा 1098 हा नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा.

त्या मुलाला आम्ही सरकारी दवाखान्यात हाडांच्या ओपीडीत पाठवलं. रात्री मनगटाला पट्टा, काही आठवडे गिटार बंद. आता तो पुन्हा वाजवतो. सगळ्या तारा एका बोटाने दाबायचा सूर अजून बसत नाही, त्यावरून चिडतो.

त्याची आई चार घरची भांडी करते. मुलाला पट्टा मिळाल्यावर पुढच्या रविवारी ती एकटीच आली आणि हळू आवाजात म्हणाली, “सिस्टर, माझाही उजवा हात रात्री असाच होतो. पाच-सहा वर्षं झाली.” साखर तपासली, बरीच वाढलेली निघाली. तिलाही त्याच दवाखान्याची चिठ्ठी दिली. सोमवारी कामावर खाडा पडेल म्हणून ती तयार नव्हती, तेव्हा मुलगाच तिला घेऊन गेला.