बाळासोबत आलेली आई, आणि आजीही

बालरोगतज्ज्ञाने स्तनाच्या कर्करोगावर लिहावे, हे आपल्यातील शल्यचिकित्सक मित्रांना अनधिकाराचे वाटेल. परंतु तिशीच्या आसपासची स्त्री ज्या डॉक्टरांसमोर वारंवार बसते, ते बहुधा तिचे नसून तिच्या बाळाचे डॉक्टर असतात. वजन बाळाचे, तक्ता बाळाचा, प्रश्नही बाळाचेच. आईची चौकशी "दूध पुरेसे येते ना?" एवढ्यावर आटोपते.

वास्तविक त्या दुधाचा तिच्या आरोग्याशीही संबंध आहे. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये ३० देशांतील ४७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. कर्करोग झालेल्या सुमारे ५० हजार आणि न झालेल्या सुमारे ९७ हजार स्त्रियांची माहिती त्यात होती. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी, आणि स्तनपानाच्या एकूण दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी आढळला. रजोनिवृत्तीनंतर वाढलेले वजन धोका वाढवते, कारण त्या वयात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होते. नियमित व्यायाम तो कमी करतो. मद्याचे म्हणाल तर रोजच्या दहा ग्रॅम अल्कोहोलमागे, म्हणजे जेमतेम एका लहान पेगमागे, धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. (हे मी नीतीचा प्रश्न म्हणून लिहीत नाही.)

ही आकडेवारी मी अनेक वर्षे उत्साहाने सांगत असे. इंदूरच्याच एका शिक्षिकेने दोन्ही मुलांना दीड-दीड वर्ष अंगावर पाजले होते. रोज पहाटे फिरायला जाण्याचा त्यांचा नेम. "तुम्हाला त्या रोगाची भीती नको," असे मी त्यांना सहज म्हणून गेलो. दहा-बारा वर्षांनी धाकट्याला तापासाठी घेऊन आल्या, तेव्हा निघता निघता म्हणाल्या की आठ महिन्यांपासून काखेजवळ गाठ आहे. इतके दिवस दाखवली का नाही? "आपणच म्हणाला होतात ना, डॉक्टर!" गाठ कर्करोगाची निघाली.

त्या वाक्याने मला माझी चूक दाखवली. धोका कमी होणे म्हणजे तो नाहीसा होणे नव्हे, हे आपण परीक्षेत लिहितो आणि दवाखान्यात विसरतो. याची दुसरी बाजूही तितकीच क्लेशकारक आहे. जिला दूध आले नाही, किंवा नोकरीमुळे पाजता आले नाही, तिला पुढे हा रोग झाला की नातेवाईक तिच्याच सवयींचा हिशेब मांडतात. ४.३ टक्क्यांवरून कोणत्याही एका स्त्रीचा रोग समजावता येत नाही. तिला दोष देणे तर केवळ क्रौर्य.

म्हणून माझी एक सूचना आहे. मुंबईत टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या वीस वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती. आपल्या मंडळाच्या बालआरोग्य शिबिरात बाळाला कडेवर घेऊन येते ती पुष्कळदा आजीच, म्हणजे नेमकी याच वयाची स्त्री. पुढील शिबिरात एक खोली, एक पडदा आणि एक प्रशिक्षित परिचारिका एवढी व्यवस्था आपण तिच्यासाठी करावी. खोलीच्या भाड्याची जबाबदारी मी घेतो.