घरचें ध्वनिमुद्रण : पैसा कोठें खर्चावा ?

सांप्रत असें घर विरळा कीं, ज्यांत आवाज टिपून ठेवण्याचें साधन नाहीं. ज्याच्या खिशांत फोन आहे त्याच्या खिशांत ध्वनिमुद्रणाचें यंत्रही आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पोवाडा म्हणून तो नातलगांस पाठवितो, कोणी वक्तृत्वाची तयारी करतांना आपलें भाषण आपणच ऐकून पाहतो, कोणी आजीकडून ओव्या म्हणवून घेऊन त्या जपून ठेवूं पाहतो. हा छंद उत्तम आहे व त्यास उत्तेजन द्यावें, असेंच आम्हांस वाटतें. परंतु ह्या छंदामागोमाग एक मागणीही घरोघर येऊं लागली आहे. "आवाज चांगला येत नाहीं; नवा मायक्रोफोन घेऊन द्या," असें मूल म्हणतें, आणि महिन्याचा जमाखर्च कसाबसा जुळविणारे आईबाप विचारांत पडतात. ही मागणी कितपत रास्त आहे, आणि खर्च करावयाचाच तर तो कोणत्या क्रमानें करावा, ह्याविषयींचें आमचें मत पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

तें मत थोडक्यांत असें : आवाज सुधारण्याचा पहिला उपाय दुकानांत नसून खोलींत आहे, दुसरा अंतरांत आहे, आणि यंत्राची पाळी तिसरी आहे. हा क्रम जो उलटा करतो, त्याचा पैसा बहुधा वायां जातो.

प्रथम खोलीचा विचार करूं. वेरुळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत, म्हणजे विश्वकर्मा लेण्यांत, ज्यांनीं एखादा शब्द मोठ्यानें उच्चारून पाहिला असेल, त्यांस नाद कसा घुमत राहतो हें सांगावयास नको. दगड आवाज शोषून घेत नाहीं; तो परत धाडतो, आणि एक शब्द विरतो न विरतो तोंच दुसरा त्यावर येऊन आदळतो. संथ व गंभीर सुरास हें घुमणें शोभतें; भाषणास मात्र तें मारक आहे. आतां आमच्या छत्रपति संभाजीनगरांतील सिडकोची एखादी सदनिका पाहा. खालीं गुळगुळीत फरशी, चोहोंकडे उघड्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब. लहान प्रमाणावर तें लेणेंच होय ! आपला कान सरावलेला असल्यामुळें आपणांस तिचें घुमणें जाणवत नाहीं. मायक्रोफोनास असा सराव नसतो, तो जें येईल तें निमूटपणें टिपतो. "आवाज डब्यांतून आल्यासारखा वाटतो," अशी जी तक्रार आपण ऐकतों, तिचें मूळ बहुधा येथें असतें.

ह्यावरील उपाय शास्त्रानें सव्वाशें वर्षांपूर्वींच दाखविला आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचे शब्दच नीट कळेनात. तेव्हां १८९५ सालीं वॉलेस सेबाइन ह्या तरुण प्राध्यापकास त्याचें कारण शोधावयास सांगण्यांत आलें. त्यानें जवळच्या नाट्यगृहांतील बैठकीच्या गाद्या रात्रीं तेथें वाहून आणविल्या, आणि गाद्या वाढवीत गेल्यानें नाद विरण्यास किती कमी वेळ लागतो, हें तो मोजीत बसला. गाद्या नव्हत्या तेव्हां तेथें नाद सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळत असे. खोल्यांच्या नादाचें आजचें शास्त्र ह्याच मोजमापांतून जन्मास आलें. जें काम तेथें गादीनें साधलें, तें आमच्या घरच्या गोधडीनें कां साधूं नये ? बोलणाऱ्याच्या मागें व बाजूस दोरीवर दोन जाड गोधड्या टाकाव्या, खालीं सतरंजी अंथरावी, आणि कपड्यांनीं भरलेलें कपाट असल्यास तें उघडून त्याकडे तोंड करून बोलावें. एवढ्यानें जो फरक पडतो, तो कानास शिकवावा लागत नाहीं.

येथें एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. गोधडी खोलींतील घुमणें आवरते; बाहेरचा गोंगाट अडविण्यास ती असमर्थ आहे. वैशाखांतील कूलर, डोक्यावरचा पंखा, नळाच्या दिवशीं इमारतभर चालणाऱ्या मोटारी व रस्त्यावरील कर्णे, ह्यांवर वेळेची निवड हाच उपाय. पहाटेची शांतता फुकट मिळते, आणि तिच्या तोडीचें यंत्र अद्याप बाजारांत आलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं थेट येणाऱ्या आवाजाची पातळी ६ डेसिबलनें उतरते, असा नियम आहे. खोलींत थेट आवाज असा उतरला तरी तिचें घुमणें मात्र जवळजवळ तेवढेंच राहतें. एक हात म्हणजे दोन विती. तेव्हां दोन हातांवर टेबलावर पडलेला फोन एका वितीवर आणला, तर थेट आवाज घुमण्याच्या मानानें सुमारें १२ डेसिबलनें वर येतो. आणि ह्यास एक पैसाही पडत नाहीं. इतकें जवळ बोलतांना 'प', 'फ', 'भ' ह्या वर्णांचा वारा मायक्रोफोनावर फुटतो. म्हणून तो तोंडाच्या अगदीं समोर न धरतां किंचित् बाजूस धरावा, किंवा भरतकामाच्या रिंगवर पातळ जाळीदार कापड ताणून मध्यें उभें करावें.

ह्यावरून यंत्रानें कांहींच होत नाहीं, असें आम्ही म्हणतों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीनें हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणास आरंभ केला, तेव्हां गायकास कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला आणि हळुवार गळाही तबकडींत उतरूं लागला. यंत्रानें कला बदलते, हें निर्विवाद आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्र हें उरलेल्या दोषावर औषध असावें. दोष कोठें आहे हें न पाहतां घेतलेलें औषध नव्हे.

फोनाचे स्वतःचे दोष दोन. बोलण्याच्या सोयीसाठीं तो आवाज आपोआप चढवितो व उतरवितो, त्यामुळें चढउताराचा जीवच जातो. शिवाय अखंड चालणाऱ्या तंबोऱ्याच्या नादास कित्येकदां गोंगाट समजून तो पुसूं पाहतो. म्हणून प्रथम फोनांत असें ध्वनिमुद्रणाचें अ‍ॅप वापरावें कीं, ज्यांत ही लुडबुड बंद करतां येते. आणि मूळ प्रत वेव्ह स्वरूपांत ठेवावी. निरोपाच्या अ‍ॅपमधून आलेली प्रत दाबून लहान केलेली असते. ती ऐकावयास ठीक, जपावयास नव्हे.

ह्यानंतर खर्च करावयाचा, तर कॉलरला लावण्याचा साधा तारेचा मायक्रोफोन घ्यावा. भाषण व गोष्ट ह्यांस तो पुरतो. गाण्याची आवड टिकली, तर पुढें टेबलावरचा यूएसबी मायक्रोफोन, आणि कान पूर्ण झांकणारे हेडफोन. हेडफोनाविना आपलें मुद्रण तपासणें म्हणजे अंधारांत शुद्धलेखन तपासणें होय. मायक्रोफोनाचे मुख्य प्रकार दोन. कंडेन्सर हा सूक्ष्मग्राही. त्याच्या मोठ्या नमुन्यांस बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा व त्यासाठीं निराळी ऑडिओ इंटरफेसची पेटी लागते, आणि तो गळ्याबरोबर शेजारचा कूलरही तितक्याच निष्ठेनें टिपतो. डायनॅमिक हा कमी नाजुक. जवळून बोलल्यास गजबजलेल्या घरांत तोच बरा. रंगमंचावर हरघडी दिसणारा शुअर कंपनीचा एसएम-५८ हा डायनॅमिक मायक्रोफोन १९६६ सालीं निघाला व आजही विकला जातो. दरवर्षीं नवें घेतलें नाहीं तर आपण मागें पडूं, ही भीति किती पोकळ आहे, हें ह्या एका उदाहरणावरून दिसेल.

मोठमोठ्या आंकड्यांची भूलही अशीच. मनुष्याचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. आणि १९८२ मध्यें बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचें सेकंदास ४४,१०० नमुन्यांचें माप तेवढ्यास पुरेसें आहे. २४ बिटांनीं मुद्रण करतांना पातळी थोडी कमी ठेवण्याची मोकळीक मिळते, हा लाभ खरा; पण १,९२,००० नमुन्यांच्या नांवानें अधिक पैसे मोजणाऱ्यास त्याच घुमणाऱ्या खोलीचें अधिक बारकाईनें काढलेलें चित्र मिळेल, दुसरें कांहीं नाहीं.

आतां ज्या गोष्टीस्तव आम्ही ही लेखणी हातीं घेतली, ती सांगतों. हेमा राईरकर व गी पॉइत्वँ ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील बहुतेक वहींत उतरल्या. थोड्यांचा आवाजही टिपला गेला. वहींत शब्द राहिले, हें थोर काम झालें; परंतु जी ओवी आवाजासह राहिली, तिच्यांतील दम, थांबणें व हेल ह्यांची जोड शब्दांस मिळाली. आमच्या मराठवाड्यांत विजेच्या गिरण्या आल्या व जातीं कोपऱ्यांत गेलीं. ज्यांच्या तोंडीं ओव्या आहेत त्या आज्या आतां वृद्ध झाल्या आहेत. पैठणच्या एकनाथांचीं भारुडें जुन्या चालीवर म्हणणारेही गांवोगांवीं थोडेच उरले असतील. "चांगला मायक्रोफोन आला म्हणजे आजीचा आवाज घेईन," असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आमचें सांगणें आहे कीं, मायक्रोफोन दुकानांत पुढील वर्षींही मिळेल.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाची मागणी झिडकारूं नये व लगेच पुरवूंही नये. तोच उतारा त्यास दोनदां वाचावयास सांगावें : एकदां उघड्या खोलींत फोन दूर ठेवून, व एकदां गोधड्या लावून, पंखा बंद करून, वीतभर अंतरावरून. दोन्ही मुद्रणें घरच्या सर्वांनीं मिळून ऐकावीं. त्यानंतरही जो दोष उरेल तो काय आहे, हें मुलास नेमकें सांगतां आलें, तर त्याच्या हातीं मायक्रोफोन देण्यास हरकत नाहीं. कारण तो आतां ऐकावयास शिकला आहे. आणि ज्या घरीं तेवढा पैसा नाहीं, तेथील मुलानें खिन्न होऊं नये. गोधडी, पहाट आणि वीतभर अंतर हीं तिन्हीं त्याच्याजवळ आहेत. येत्या सुटींत गांवीं जातांना फोन भारित करून न्यावा, आणि आजीस जवळ बसवून तिच्या ओव्या ऐकाव्या.