कापूस: ब्रँड शेकडो, प्रजाती एकच

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये हापूस, केसर, पायरी अशा प्रत्येक आंब्याला नाव आहे आणि वेगळा भावही. कापूस मात्र या मार्केटमध्ये येत नाही. तो विकला जातो विदर्भ-मराठवाड्यातल्या बाजार समित्यांमध्ये, आणि तिथे भाव ठरतो धाग्याची लांबी, जाडी आणि ओलावा बघून. प्रजाती कुठली, याला वेगळा भाव नाही.

२०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये कापसासाठी पाच वर्षांचं मिशन जाहीर झालं. त्यातही जोर आहे तो अतिरिक्त लांब धाग्यावर. म्हणूनच कापसाची वंशावळ समजून घेऊया.

जगात कापसाच्या पन्नासेक प्रजाती आहेत, पण लागवडीत फक्त ४. अर्बोरियम आणि हर्बेशियम या आपल्याकडच्या 'देशी'. त्यांच्यात २६ गुणसूत्रं असतात. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या अमेरिका खंडातल्या, त्यांच्यात ५२. दुप्पट कशी? साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी देशी कापसाच्या कुळातली एक वनस्पती आणि अमेरिकेतला एक रानटी कापूस यांचा संकर झाला. आमच्या भाषेत, दोन प्रोजेक्ट मर्ज झाले आणि दोन्हींचा कोड राहिला. म्हणजे अमेरिकन कापसाचा अर्धा कोड आपल्या देशीचा नातेवाईक! पण आज या दोघांचा थेट संकर केला तर ३९ गुणसूत्रांचं रोप येतं. गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत, म्हणून ते बहुतेक वांझ निघतं.

आता शेतात बघा. २००२ मध्ये बीटी कापूस आला. आज देशातल्या ९० टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्रावर बीटीच आहे, आणि तो जवळपास सगळा हिर्सुटमचा संकरित. बियाण्याचे ब्रँड शेकडो, पण बोंडअळीला रोखणारी जनुकं बहुतेकांत तीच दोन. शेकडो अकाउंट आणि पासवर्ड एकच, असा हा प्रकार. गुलाबी बोंडअळीने तो पासवर्ड फोडला आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या कापसाचं मोठं नुकसान झालं.

देशी कापूस म्हणजे बोंडअळीवरचा रामबाण नाही. पण तो कमी पाण्यात तग धरतो आणि तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडी बऱ्यापैकी सोसतो. शिवाय त्याच्या सरळ वाणांचं बियाणं शेतकऱ्याला घरी राखता येतं. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. देशीची अडचण म्हणजे आखूड धागा. पण ढाक्याची मलमल अर्बोरियमचीच होती, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाणही तयार केलेत.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत जुन्या वाणांचं बियाणं जपून ठेवलंय. हा झाला बॅकअप. पण शेतातली कीड दरवर्षी अपडेट होते, फ्रीजरमधलं बियाणं होत नाही. माझ्या मते मिशनचा काही पैसा देशी वाणांच्या बियाण्यावर आणि हमखास खरेदीवर जायला हवा. गिऱ्हाईकच नसेल, तर शेतकरी ते पेरेल कशाला?