मोहरी स्वस्त कोणी केली?

फोडणीत मोहरी तडतडल्यावाचून आपला स्वयंपाक पुढे सरकत नाही. तरी महाराष्ट्राची तिच्याशी ओळख चिमटीपुरतीच. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि बंगाल येथे मात्र तिच्या तेलावर चूल चालते, आणि राजस्थानच्या कोरड्या शेतात एकदोन पाण्यांवर येणाऱ्या या पिकावर शेतकऱ्याचा रब्बी हंगाम तरतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, बाळंतिणीच्या लाडवातले अळीव ही तिचीच भावंडे. चार पाकळ्यांचे फूल हे या साऱ्या कुळाचे लक्षण. या कुळात सरकारी धोरणाच्या घाण्यात पिळून निघाली ती मात्र मोहरीच.

देशात खाद्यतेल अपुरे पडते, कारण आपले बियाणे मागासलेले आहे, असे आपल्याला ऐकवले जाते. याच युक्तिवादाच्या जोरावर ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएमएच-११ या जनुकबदल केलेल्या संकरित मोहरीला केंद्रीय समितीने मंजुरी दिली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. आमचे भांडण विज्ञानाशी नाही. पण उद्या पीक दीडपट आले तरी ते विकायचे कोणत्या भावाने, हा प्रश्न प्रयोगशाळेला विचारून सुटणार नाही.

इतिहास जवळचाच आहे. १९८६ साली तेलबिया अभियान सुरू झाले. सुधारित वाण, भावाची हमी आणि आयातीवर लगाम या तीन गोष्टींनी दहा वर्षांच्या आत तेलबियांचे उत्पादन सुमारे दुप्पट झाले आणि देश स्वयंपूर्णतेच्या उंबरठ्यावर आला. त्यात जनुकबदलाचा काडीचाही हात नव्हता. मग १९९४ पासून पामतेलाच्या आयातीची दारे उघडली गेली. ६५ टक्क्यांचे आयातशुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आले.

त्याच १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाऊन ६० हून अधिक माणसे दगावली. भेसळ करणाऱ्याला कठोर शासन व्हावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण सरकारने जो हुकूम काढला, त्याने सुट्ट्या तेलाची विक्रीच बेकायदा ठरली. गुन्हा भेसळखोरांचा आणि शिक्षा मात्र गावच्या घाण्याला! डबाबंद तेलवाल्याला याहून मोठी भेट कोणती मिळाली असती?

ऑक्टोबर २०२१ ते सप्टेंबर २०२४ या काळात कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ आयातशुल्क शून्य होते. २०२३ च्या हंगामात मोहरीचा हमीभाव क्विंटलला ५,४५० रुपये होता, पुढच्या वर्षी ५,६५०. दोन्ही वर्षी बाजार समित्यांत मोहरी त्याखाली विकली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर नेले, आणि मे २०२५ मध्ये पुन्हा १० वर आणले. वर्षाला दीडशे लाख टनांहून अधिक तेल बाहेरून आणणारा देश स्वतःच्या शेतकऱ्याला अधिक पिकव म्हणतो, ही थट्टा आहे.

शुल्क वाढले तर गरिबाची फोडणी महागेल, असा आक्षेप येतो, आणि आपल्या कित्येक मित्रांनाही तो पटतो. तो खोटा नाही. परंतु गरिबाला स्वस्त तेल देण्याचा मार्ग शिधावाटप दुकानातून जातो, बंदरातून नव्हे. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या शिध्यात लिटरभर तेल दिले, तेव्हा ते पामतेल होते. इथल्या करडई आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याची आठवण त्या वेळी मंत्रालयात कोणालाच कशी झाली नाही? सरकारने हमीभावाने तेलबिया घ्याव्यात, सहकारी घाण्यांतून तेल काढावे, पेंड पशुपालकांना आणि तेल शिधापत्रिकेवर द्यावे. यासाठी पैसा नाही म्हणणाऱ्यांनी २०२१ साली तेलताडाच्या लागवडीसाठी ११,०४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

मोहरीची काढणी फाल्गुनात होते. आयातशुल्क हमीभावाशी कायमचे बांधा, ही मागणी त्याआधी प्रत्येक तालुक्यातून दिल्लीला गेली पाहिजे. मोहरी आपल्या तालुक्यात पिकत नसली, तरी करडई आणि सोयाबीन पिकते.