हातांची तक्रार

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात आमच्या दवाखान्यात हातांचीच गर्दी होते. कुणाचे लाल झालेले, कुणाचे भेगाळलेले, कुणाचे खाजवून खाजवून सोललेले. कुणी घर रंगविलेले असते, कुणी माळ्यावरची भांडी घासलेली असतात. निदान मात्र प्रत्येकाचे तयार असते: "डॉक्टर, साबण झोंबला!"

साबण झोंबतो हे खरे. पण पुष्कळदा गुन्हेगार साबण नसून साबणाचा राखणदार असतो. राख, रिठा, शिकेकाई ही कोरडी. ती नासायची भीती नव्हती. आता सारे पातळ होऊन बाटलीत आले. पाणी आले की जंतू आले, आणि त्यांना रोखण्यासाठी परिरक्षक आले. त्यांतल्याच एकाचे नाव चकलीसारखे वेटोळे आहे: मेथिलआयसोथायाझोलिनोन. भांड्यांचा पातळ साबण, शाम्पू, गोंद, पाण्यात कालविलेले भिंतींचे रंग, कारखान्यांतली यंत्रांवर सोडायची द्रावणे, अशा नाना ठिकाणी ते असते.

युरोपात २००५ साली ते प्रसाधनांत एकट्याने वापरण्यास मुभा मिळाली. पुढे रुग्ण इतके वाढले की, अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरविले. २०१७ पासून युरोपीय संघात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी झाली, आणि २०१८ पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत १५ भागांची मर्यादा आली.

"पण डॉक्टर, वर्षभर हाच साबण वापरतेय, मग आताच कसं?" त्याचे उत्तर असे की, ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. शरीर आधी त्या पदार्थाची ओळख करून घेते. एकदा ओळख पटली, की पुढल्या भेटीनंतर दिवसा-दोन दिवसांनी पुरळ उठते. आणि ही ओळख सहसा जन्मभर पुसत नाही. मग ताज्या रंगाच्या खोलीत नुसते बसल्यानेही पापण्या सुजू शकतात. खात्रीसाठी पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवितात. त्या काढून त्वचा पाहतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात.

धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांची तीन घरे सुटली होती. "बाईसाहेबांना वाटतं, माझा रोग त्यांच्या पोरांना लागेल," त्या म्हणाल्या. चाचणीत हेच परिरक्षक निघाले. वाचकभगिनींनो, हा रोग स्पर्शाने कुणालाही लागत नाही! उलट, तो लागला असेल तर आपल्याच बाटलीतून त्यांना लागला असेल.

तेव्हा यंदा दिवाळीच्या पोस्ताबरोबर हातमोज्यांचा एक जोड आणि आत घालायला सुती मोजे द्या. भांड्यांना कोरडी भुकटी किंवा वडी आणा. त्यांत पाणी कमी, म्हणून राखणदाराचीही गरज कमी. रंग दिलेली खोली चार दिवस मोकळी ठेवा. आणि कुणाचे हात फुटलेले दिसले, तर काम काढून घेण्याआधी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा.